सोमवारी बंद पडणारी गाडी

आमच्या वर्कशॉपमध्ये दिव्यांच्या आणि वायरिंगच्या तक्रारी घेऊन ज्या गाड्या येत, त्यांतल्या निम्म्या बिघडलेल्या नसत. हे ग्राहकाला सांगणं माझं काम होतं. गाडी बिघडली आहे असं सांगितलं की माणूस मान हलवतो आणि खुर्चीत बसतो. गाडी ठीक आहे असं सांगितलं की तो उभा राहतो.

नाशिकला द्वारका चौकाच्या पुढे, आग्रा रोडला लागून हे वर्कशॉप होतं. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून तिथे लागले तेव्हा नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं आणि रस्त्यावर परदेशी बांधणीच्या गाड्या दिसू लागल्या होत्या. त्यांच्याबरोबर जाडजूड इंग्रजी पुस्तकं येत. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेलं, म्हणून ती वाचायला मला घेतलं. वाचून झाल्यावर ते सगळं ग्राहकांना मराठीत समजावून सांगावं लागेल, हे मुलाखतीत कुणी बोललं नव्हतं. मी मुळात कमी बोलते. प्रगतिपुस्तकावर दरवर्षी ‘शांत मुलगी’ असा शेरा असायचा. तो कौतुकाचा नव्हता हे मला दहावीत कळलं.

माझं टेबल दारातच होतं. शेजारच्या शेडमध्ये रफिकभाई, आमचे इलेक्ट्रिशियन. त्यांच्या खिशात कायम एक टेस्ट लॅम्प असे, म्हणजे एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला सुई आणि मध्ये एक छोटा बल्ब. करंट कुठपर्यंत येतोय ते त्याने कळतं. गाडीत काही सापडलं नाही की रफिकभाई लांबूनच मला मान हलवून दाखवत आणि म्हणत, “मॅडम, तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. मला हसू येतं.”

मला हसू येत नसे, म्हणून माझ्यावर लोक विश्वास ठेवत.

एक गृहस्थ नवीन गाडीचे हेडलाइट तिरके बसवलेत म्हणून भांडायला आले होते. रात्री घराच्या भिंतीवर उजेड पाडून त्यांनी खडूने रेघा मारल्या होत्या. डावीकडचा उजेड वर चढत होता. मी त्यांना सांगितलं की तो चढायलाच हवा. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो, तेव्हा डावीकडचा उजेड लांब जावा, म्हणजे कडेने चालणारी माणसं दिसतात. उजवीकडचा खाली राहावा, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर येत नाही. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ते ठीक आहे हो, पण भिंतीवर वाईट दिसतं.”

दुसऱ्या एकांची तक्रार, डावा इंडिकेटर घाई करतो. पुढचा किंवा मागचा एक बल्ब गेला की उरलेला भरभर मिचकतो, म्हणजे ड्रायव्हरला आपोआप कळावं. रफिकभाईंनी मागचा बल्ब बदलला आणि इंडिकेटर शांत झाला. त्यावर त्या गृहस्थांनी विचारलं, “दोन्ही बाजूंना आधीसारखंच करून मिळेल का? लोक पटापट बाजूला होत होते.”

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात एका दिव्याचा उजेड लाल पडतो, अशी गाडी दरवर्षी यायची. पूजेच्या वेळी हेडलाइटच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं असे. मध्ये पाऊस होऊन गेलेला असला तर ते काचभर पसरलेलं असे. रफिकभाई त्याला हात लावत नसत. “पूजा त्यांची आहे, आपण का पुसायची?” मीही लावत नसे. ज्याची गाडी त्यालाच ओलं फडकं द्यायचं, हा आमच्याकडचा अलिखित नियम. एकदा एका तरुण मुलाने फडकं हातात घेऊन आधी घरी आईला फोन लावला. बराच वेळ नुसतं हो-हो म्हणत राहिला आणि मग मला म्हणाला, “आई म्हणते पुसू नको. दुसऱ्या दिव्यालाही काढ, म्हणजे सारखा पडेल.”

अशी कामं असत. त्यात कुणाचं फारसं काही जात-येत नसे. भाऊसाहेबांच्या गाडीचं तसं नव्हतं.

भाऊसाहेबांचं पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचं पॅकहाउस होतं, म्हणजे माल निवडून खोक्यांत भरायची जागा. गाडी परदेशी बांधणीची, रंगाने पांढरी. ती फक्त सोमवारी बंद पडायची. दर सोमवारी नाही, पण पडली तर सोमवारीच. सकाळी किल्ली फिरवली की टक् असा आवाज यायचा आणि पुढे काही नाही. मग टेम्पोच्या बॅटरीला वायरी लावून ती सुरू करायची आणि आमच्याकडे आणायची. आमच्याकडे येईपर्यंत ती अगदी चांगली झालेली असायची.

बॅटरीचं गणित सोपं आहे. घराच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांपुढे आणा. इंजिन चालू असताना टाकी भरते, बंद असताना ती वापरायची. एखादा नळ ठिबकत राहिला तर टाकी एका रात्रीत रिकामी होत नाही. पण तुम्ही शनिवारी गावाला जाऊन सोमवारी आलात तर होते. भाऊसाहेबांची गाडी शनिवारी संध्याकाळी शेडमध्ये लागायची, ती थेट सोमवारी सकाळी निघायची. म्हणजे कुठेतरी ठिबकत होतं. रफिकभाईंनी बॅटरी बदलली. अल्टरनेटर, म्हणजे टाकी भरणारी मोटर, काढून तपासली. मग गाडी आमच्या शेडमध्ये दोन रात्री उभी करून ठेवली. सकाळी ती पहिल्या किल्लीला सुरू झाली. रफिकभाईंनी मला लांबून मान हलवून दाखवली.

मी भाऊसाहेबांना फोन करण्याआधीच त्यांचा आला.

“मॅडम, एक सांगतो. नाना आता इसरायला लागलेत. वय झालं त्यांचं. शनवारी दिवे तसेच राहत असणार. आता तुम्ही नीट तपासा. गाडीत दोष निघाला तर निघाला. नाय निघाला तर पुतण्या रिकामाच हाय, त्याला घेतो गाडीवर. उगाच माणसावर आळ नको, म्हणून तुम्हाला विचारतो.”

नाना म्हणजे त्यांचे ड्रायव्हर. मूळचे पेठकडचे. सगळी नोकरी एसटीत झाली. रिटायर झाल्यावर भाऊसाहेबांच्या गाडीवर आले आणि पॅकहाउसच्या आवारातच खोलीत राहत. मी फोन ठेवला. ‘गाडी ठीक आहे’ हे मी आतापर्यंत कितीतरी लोकांना सांगितलं होतं. या वेळी ते सांगितलं तर एका माणसाची नोकरी जाणार होती.

गाडी न्यायला नाना आले. आमच्याकडे ग्राहकांसाठी गार हवेची खोली होती, तिथे ते कधी बसत नसत. माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

“ताई, काय नाय सापडलं ना?”

“अजून नाही.”

“मंग माझ्यातच हाय.”

मी गप्प राहिले. मी गप्प राहिले की लोक बोलतात, हे मला या नोकरीत कळलं होतं.

“शनवारी गाडी लावली,” नाना म्हणाले. “दिव्याचं बटन बघितलं, बंद. दार लावलं. परत उघडलं, परत बघितलं, बंद. घरी जेवायला बसलो, उठून परत आलो. बंदच. सोमवारी गाडी मेलेली. मंग मी बघितलं ते काय बघितलं?”

त्यांनी टेबलावरची किल्ली उचलली, पण गेले नाहीत.

“माझा बा शेवटी शेवटी बैलाला वैरण घालून यायचा अन् परत घालाया जायचा. आम्ही म्हणायचो, बा, घातली. त्यो म्हणायचा, कवा? तसं झालं काय माझं? तुम्ही शिकलेल्या हाय. असं सुरू होतं तवा माणसाला सोताला कळतं का?”

यावर उत्तर देण्याइतकं शिक्षण मला कुणी दिलं नव्हतं. मी म्हटलं, “नाना, येत्या शनिवारी मी गाडीतून आले तर चालेल?”

“कशाला?”

“तुम्ही गाडी कशी लावता ते बघायला.”

नानांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हे मी वेगळ्या शब्दांत सांगायला हवं होतं. “या की,” ते म्हणाले. “समदे बघत्यातच.”

दर शनिवारी भाऊसाहेबांचं नाशिकला काम असे. सकाळी नाना त्यांना गाडीने आणत, काम झालं की पुतण्या दुपारीच त्यांना मोटारसायकलवरून परत घेऊन जाई आणि नाना गाडीत सामान भरून संध्याकाळी मागून येत. त्या शनिवारी गाडीत सामानाबरोबर रफिकभाई पुढे बसले आणि मी मागे, डाव्या खिडकीशी. आडगाव गेलं, ओझर गेलं. नाना जसं चालवत होते तसं चालवताना मी नाशिकमध्ये कुणाला पाहिलं नव्हतं. सायकल ओलांडायची तरी उजवा इंडिकेटर, ओलांडून झालं की डावा. रस्ता रिकामा असला तरी तेच.

“चाचा, मागे कोणी नाही,” रफिकभाई म्हणाले. “सिग्नल कुणाला देताय?”

“मागं कोण नाय, हे बघायला मान वळवावी लागती,” नाना म्हणाले. “सिग्नल द्यायला बोट लागतं.”

पॅकहाउस रस्त्याच्या डाव्या हाताला होतं. तिथे रस्त्यापासून आवारात तिरका, ऐसपैस उतार काढलेला होता, ट्रक सहज वळावेत म्हणून. नानांनी बरंच आधी डावा इंडिकेटर दिला आणि गाडी त्या उतारावरून हळूच आत घेतली. स्टिअरिंग जेमतेम फिरलं असेल. पुढे शेडमध्ये सरळ. डावीकडे भिंत, समोर रिकाम्या क्रेटची चळत. नाना भिंतीला अगदी चिकटून गाडी लावत, कारण उजवीकडून ट्रक भरायला जागा लागे. इंडिकेटर तोवर टिकटिकत होता. गाडी थांबली. नानांनी किल्ली फिरवली, टिकटिक बंद झाली. दिव्यांचं बटन बघितलं. उतरले. दार लावलं. उघडलं. परत बघितलं.

रफिकभाईंचं दारही भिंतीला लागत होतं, ते सीटवरून सरकत नानांच्या बाजूने उतरले. माझ्या उजवीकडे सीटभर खोकी होती. मला दोन्हीकडून उतरता येत नव्हतं. ‘मला बाहेर काढा’ असं ओरडण्याऐवजी मी बसून राहिले. कुणाच्या तरी लक्षात येईल असं वाटलं. आलं नाही. दोघं शेडच्या दारात जाऊन भाऊसाहेबांशी बोलायला लागले.

शेडमध्ये अंधारून आलं होतं. मी समोर बघत होते. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. आणि हळूहळू मला दिसलं की गाडीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याशी भिंतीवर मंद पिवळसर उजेड पडलाय. मागे वळून पाहिलं. मागच्या डाव्या कोपऱ्याशी भिंत लालसर दिसत होती. उजव्या बाजूला काहीच नव्हतं.

मी पुढच्या सीटांच्या मधून वाकून पाहिलं. दिव्यांचं बटन बंद होतं. इंडिकेटरची दांडी मात्र डावीकडे पडलेली होती, तशीच.

या गाड्या ज्या देशांतून आल्या, तिथे अरुंद अंधाऱ्या गल्ल्यांत रस्त्याच्या कडेलाच गाडी लावून लोक झोपायला जातात. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून रस्त्याकडच्या बाजूचे पुढचा आणि मागचा असे दोनच छोटे दिवे रात्रभर ठेवायची सोय असते. किल्ली काढल्यावर दांडी ज्या बाजूला असेल, त्या बाजूचे दिवे लागतात. आपल्याकडे या कामासाठी मागे दगड आणि झाडाची फांदी ठेवतात. दिवे चुकून राहिले तर घंटी वाजते, पण गाडीच्या मते हे दिवे राहिलेले नव्हते, मुद्दाम लावलेले होते. म्हणून ती गप्प होती. इतर दिवशी नाना चांदवडकडच्या बागांवरून येत, तेव्हा रस्ता ओलांडून उजवीकडे चांगलं वळावं लागे. स्टिअरिंग पूर्ण फिरून सरळ झालं की दांडी आपोआप मध्ये येते. शनिवारी नाशिकहून येताना वळण इतकं हलकं होतं की बहुतेक वेळा ती येतच नसे. दिवे मंद आणि भिंतीकडे, नानांची नजर फक्त बटनावर, दाराला शटर, आणि सोमवारी सकाळपर्यंत बॅटरी संपून दिवेही विझलेले. आमच्या वर्कशॉपमध्ये सिग्नल देऊन गाडी आत आणणारा कुणी नव्हता, म्हणून आम्हाला काही सापडलं नाही.

मी हॉर्न दाबला. तिघंही आले. खोकी काढून मला उतरवलं. मी भिंतीवरचा उजेड दाखवला आणि दांडी मध्ये आणली. उजेड गेला. परत डावीकडे केली. आला.

रफिकभाईंनी खिशातला टेस्ट लॅम्प काढला, बघितला आणि परत ठेवला.

“म्हंजे नानांनी दांडी सोडली,” भाऊसाहेब म्हणाले. “मी काय म्हणत होतो? इसरलेच की.”

नानांनी टोपी काढून हातात घेतली. मला वाटतं, तोवर मी ग्राहकाशी कधी भांडले नव्हते. तेव्हाही भांडले नाही. पण मला जे सांगायचं होतं ते सरळ सांगायला शब्द मिळेनात, म्हणून मी म्हटलं, “साहेब, तुम्ही एकदा गाडी रस्त्यावर नेऊन परत आत लावता का? नेहमी लावता तशी.”

भाऊसाहेबांना गाडी चालवायला आवडत असे. ते गेले, वळवून आणली, झोकात आत घेतली, किल्ली काढली आणि उतरले. भिंतीवर काही नव्हतं.

“बघा,” ते म्हणाले. “माझ्या हातनं होत नाय.”

रफिकभाई क्रेटकडे बघत होते. त्यांना हसू येत होतं, म्हणजे मलाच सांगावं लागणार होतं.

“साहेब, तुम्ही इंडिकेटर दिला नाही,” मी म्हटलं. “म्हणून होत नाही. नाना गाडी जागेवर उभी राहीपर्यंत सिग्नल काढत नाहीत. ते विसरले नाहीत. सिग्नल द्यायला विसरले असते तर तुमची गाडी दर सोमवारी सुरू झाली असती.”

माझ्या आयुष्यातलं ते तोवरचं सगळ्यात लांब बोलणं होतं.

“आपल्याच गेटात काय इंडिकेटर द्यायचा?” भाऊसाहेब म्हणाले.

“मागच्याला काय ठाव, आपलं गेट हाय ते,” नाना म्हणाले.

भाऊसाहेब आधी नानांकडे आणि मग गाडीकडे बघत राहिले. “खरं हाय,” असं म्हणून त्यांनी चहा मागवला. चहाबरोबर द्राक्षंही आली, ती मला आवडत नाहीत, मी खाल्ली. पुतण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. निघताना नानांनी मला फाटकापर्यंत सोडलं आणि विचारलं, “म्हंजे मी बघत होतो ते बरोबर बघत होतो?”

“बरोबर बघत होता. बटन बंदच होतं.”

“हां,” ते म्हणाले आणि टोपी घातली.

गोष्ट इथे संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण द्राक्षांचा हंगाम उरकला आणि नानांनी काम सोडलं. भाऊसाहेबांनी खूप आग्रह केला म्हणे. नाना पेठला गेले आणि भाच्याबरोबर सवाऱ्यांची काळी-पिवळी जीप चालवायला लागले. काही महिन्यांनी जीपचा हॉर्न दुरुस्त करायला आमच्याकडे आले, तेव्हा मी विचारलं, का सोडलं. माझा तो स्वभाव नाही, पण विचारलं.

“साहेबांनी इचारलं त्याचं काय नाय,” नाना म्हणाले. “मालक हाय, इचारणारच. पर मीच मला इचाराया लागलो व्हतो. शेवटी शेवटी त्या गाडीत बसलं की दांडी बघ, बटन बघ, परत दांडी बघ. तिकडं ते नाय. जीपला दिवे दोनच, त्यातला एक लागतो.”

त्यांना सांगायचं की नाही याचा मी जरा विचार केला. त्याच आठवड्यात भाऊसाहेबांचा फोन आला होता. सोमवार होता. नाना गेल्यापासून ते स्वतःच गाडी चालवत होते, पुतण्याचं आणि त्यांचं जमलं नव्हतं.

“मॅडम,” ते म्हणाले होते, “गाडी बंद हाय.”

“दांडी बघितलीत?”

“बघितली. डावीकडं पडलेली हाय.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “मीच लावली व्हती शनवारी. सिग्नल दिला व्हता. एवढं नानाला सांगू नका.”

रफिकभाई जीपच्या बॉनेटमध्ये डोकं घालून होते. हॉर्न वाजवून बघितला, वाजला, बॉनेट लावलं. मी नानांना सांगून टाकलं. ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला.

“डावीकडं वळताना दिला,” ते म्हणाले. “अन् उजवीकडं?”

“ते मी विचारलं नाही.”

“इचारा,” नाना म्हणाले. मग जीपमध्ये बसले, खिडकीतून हात बाहेर काढून उजवीकडे वळायची खूण केली, कारण जीपचा इंडिकेटर बंद होता आणि तो आमच्याकडे तक्रारीत लिहिलेला नव्हता, आणि आग्रा रोडला लागले.